स्पोर्ट्स कारला नवं फ्युएल गेज बसवताना: आधी ओहम मोजा, मग गेज घ्या

टाकी काठोकाठ भरलेली आणि काटा अर्ध्यावर. किंवा त्याहून विचित्र: पेट्रोल संपत जातं तसा काटा वर चढतो. असं झालं की गेज खराब निघालं म्हणून परत केलं जातं, पण बहुतेक वेळा ते ठणठणीत असतं. टाकीतल्या सेंडरचे (पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा भाग) ओहम, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं (रेझिस्टन्सचं) माप, आणि गेजचे ओहम जुळलेले नसतात, एवढंच. म्हणून डायल कशी दिसते हे सगळ्यात शेवटी बघा.

सेंडरचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) वरखाली होतो तसा त्याच्या दांडीचा संपर्क रेझिस्टन्सच्या पट्टीवरून सरकतो. गेज तोच रेझिस्टन्स वाचतं. स्वतंत्र मिळणारे बरेच सेंडर रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्याला ३३ ओहम दाखवतात. जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या गाड्यांत रिकामीला ० आणि भरलेलीला ९० असतात. जुन्या फोर्डमध्ये ७३ ते १०, नंतरच्या बऱ्याच फोर्डमध्ये १६ ते १५८. जपानी आणि युरोपीय गाड्यांची मापं याहून वेगळी निघतात, तेव्हा अंदाजावर जाऊ नका.

मोजणी

इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि सेंडरचा कनेक्टर सोडवा. त्याच कनेक्टरमध्ये बहुधा पेट्रोल पंपाच्याही वायरी असतात. त्या जाड, सेंडरच्या बारीक. तरी गाडीचा वायरिंग डायग्राम बघूनच पिन ठरवा. मल्टिमीटरची दोन्ही टोकं आधी एकमेकांना टेकवा आणि जो अर्धा-एक ओहम दिसेल तो नंतर वजा करा. टाकी जवळपास रिकामी असताना एकदा आणि पूर्ण भरल्यावर एकदा असं मोजा. आकडे कुठल्याच ठरलेल्या जोडीत बसत नसतील तर प्रोग्रॅम करता येणारं गेज घ्या, म्हणजे ज्यात रिकाम्या-भरलेल्याचे ओहम स्वतः ठरवता येतात असं.

इथेच आणखी दोन गोष्टी तपासा. ड्राइव्हशाफ्टला वाट देण्यासाठी खोगिरासारखी टाकी असलेल्या काही गाड्यांत दोन सेंडर असतात. एकावरच गेज जोडलं तर अर्धीच टाकी वाचली जाते. दुसरं, मूळ गेज आणि नवं गेज एकाच सेंडर वायरला जोडू नका, दोन्ही चुकीचं दाखवतात. मूळ मीटर हलवायचं नसेल तर ओबीडी सॉकेटमधून (गाडीची तपासणी करायचं डॅशखालचं सॉकेट) पातळी वाचणारं गेज चालतं, मात्र ती माहिती प्रत्येक गाडी देत नाही.

जोडणी

बहुतेक गेजचा व्यास ५२ मिमी असतो. ०.७५ ते १ चौरस मिमीची वायर, ३ अँपिअरचा फ्यूज (गेजच्या कागदावर वेगळा लिहिला असेल तर तो), फ्यूज टॅप (फ्यूज बॉक्समधून नवी वायर काढायचा जोड), थिंबल (वायरच्या टोकाला दाबायचं धातूचं टोक) आणि हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) एवढं सामान पुरे. गेज ए-पिलरवर (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) लावणार असाल तर आत कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) आहे का ते आधी बघा. असेल तर ती जागा सोडून द्या.

‘आय’ टर्मिनलला इग्निशनचे १२ व्होल्ट द्या. फ्यूज बॉक्समधली अशी जागा निवडा जिथे चावी ‘ऑन’ला फिरवल्यावरच करंट येतो. ‘एस’ म्हणजे सेंडर, ‘जी’ म्हणजे अर्थ, आणि दिव्याची वायर पार्किंग लाइटच्या सर्किटला. सेंडरच्या वायरला थेट १२ व्होल्ट कधीही लावू नका. पट्टी जळते, आणि ती पेट्रोलच्या टाकीत असते.

अर्थला मात्र वेळ द्या. बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करा, थिंबल आणि दातेरी वॉशर लावून बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. रंगावरच थिंबल दाबलं आणि सेंडरच्या अर्थमध्ये ५ ओहम अडकले, तर ०-९० च्या गेजवर रिकाम्या टाकीला काटा शून्याच्या वर उभा राहतो. ५० लिटरच्या टाकीत ही चूक अंदाजे अडीच-तीन लिटरची, आणि तीही नेमकी पेट्रोल संपत आल्यावर.

चाचणी

डॅशबोर्ड बंद करण्याआधी सेंडरच्या जागी रेझिस्टर धरून बघा. २४०-३३ च्या गेजला ३३ ओहम लावल्यावर काटा फुलवर आणि २४० वर शून्यावर यायला हवा. अर्ध्या वॉटचा किंवा मोठा रेझिस्टर वापरा आणि काही सेकंदच धरा. गेज इथे बरोबर दाखवत असेल तर दोष पुढच्या वायरीत किंवा टाकीत शोधा. सेंडर वायर तुटली असेल तर हे गेज रिकाम्याच्याही खाली जातं, ती वायर बॉडीला टेकली तर फुलच्या वर. ०-९० च्या गेजचं नेमकं उलट: तुटली की फुल, टेकली की रिकामं.

मागच्या नटांना बोटांनी आवळून वर पाव फेरा द्या, जास्त नाही. पितळी स्टड मुरगळला तर आतलं कनेक्शन सुटतं.

शेवटी सपाट जागेवर गाडी उभी करून ५-५ लिटर भरत काटा कुठे येतो ते लिहून ठेवा. वेड्यावाकड्या आकाराच्या टाकीत मधलं वाचन सारख्या अंतराने सरकत नाही. प्रोग्रॅमच्या गेजमध्ये शून्याची खूण कोरड्या टाकीवर न लावता ५ लिटर शिल्लक असताना लावा. कारण पेट्रोल कमी असताना जोराच्या वळणावर ते एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो, आणि टाकीत बुडालेला पंप थंड राहतो तो पेट्रोलमुळेच.