पीएफटीच्या रिपोर्टवरून भुलेतील श्वासाची आखणी

शस्त्रक्रियेच्या फाइलमध्ये पीएफटीचा, म्हणजे फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट बहुधा ‘फिटनेस’साठी जोडलेला असतो, आणि फिटनेस मिळाली की तो फाइलच्या तळाशी जातो. वास्तविक तो शस्त्रक्रियेच्या दिवशी व्हेंटिलेटरशेजारी उघडा असायला हवा, कारण या रुग्णाला श्वास सोडायला किती वेळ द्यावा लागेल, हे त्या कागदावर आधीच लिहिलेले असते. भूलशास्त्र शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांनी तो कसा वाचावा आणि त्यावरून व्हेंटिलेटर कसा लावावा, एवढ्यासाठीच हे टिपण आहे.

ही चाचणी सरसकट सर्वांना सांगू नये. धाप लागते पण कारण उमगत नाही, दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा जुनाट आजार) आहे पण तो पुरेसा आटोक्यात आहे का याची शंका आहे, पाठीच्या कण्याला मोठा बाक आहे, किंवा फुप्फुसाचाच भाग काढायचा आहे, अशा रुग्णांत तिचा खरा उपयोग होतो. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या, पण आयुष्य चुलीच्या धुरात गेलेल्या बायकांना सीओपीडी असतो, आणि ‘धूम्रपान नाही’ एवढे लिहून आपण पुढे गेलो तर तो निसटतो. म्हणून चुलीबद्दल आणि पूर्वी झालेल्या क्षयरोगाबद्दल मुद्दाम विचारावे.

रिपोर्ट हाती आल्यावर आकड्यांआधी आलेख पाहावा. रुग्णाने जोर लावून फुंकले असेल तर रेषा सुरुवातीला झपकन वर जाते आणि खोकल्याच्या खाचा न पडता शेवटपर्यंत उतरते. किमान तीन स्वीकारार्ह प्रयत्न असावेत आणि त्यांतील सर्वोत्तम दोहोंत 150 मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा; तसे नसेल तर त्या आकड्यांवर कोणतीही आखणी उभी करू नये. उंची मोजून लिहिली आहे की विचारून, हेही तपासावे. कणा वाकलेला असल्यास पसरलेल्या हातांच्या टोकांमधील अंतर उंचीऐवजी धरावे.

एफईव्ही वन म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, आणि एफव्हीसी म्हणजे पूर्ण जोर लावून सोडलेली एकूण हवा. या दोहोंचे गुणोत्तर 0.70 च्या खाली असेल तर श्वासमार्गात अडथळा आहे. गुणोत्तर चांगले पण एफव्हीसी कमी असेल, तर फुप्फुस नीट फुलत नसल्याची शंका घ्यावी. मात्र ती पक्की करण्यासाठी फुप्फुसाची एकूण धारणक्षमता मोजावी लागते. डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू शिरण्याचे माप, कमी असेल तर वायूंची देवाणघेवाण अपुरी असते, आणि भूल देताना ऑक्सिजन लवकर उतरेल असे धरून चालावे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, 64 वर्षांच्या, 150 सेंटिमीटर उंचीच्या आणि 68 किलो वजनाच्या बाईंचे पोटाचे मोठे ऑपरेशन ठरले आहे. एफव्हीसी 1.60 लिटर, एफईव्ही वन 0.80 लिटर, म्हणजे गुणोत्तर 0.50. श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यावर एफईव्ही वन 1.02 लिटर झाला. वाढ 220 मिलिलिटर, म्हणजे सुमारे 27 टक्के. वाढ 12 टक्क्यांहून आणि 200 मिलिलिटरहूनही अधिक असल्यामुळे औषधाने सुधारण्यास वाव आहे असे समजावे. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर ती पुढे ढकलून इनहेलर नियमित सुरू करावा आणि तो कसा ओढायचा हे स्वतः करून दाखवावे. हा वेळ वाया जात नाही, हे सर्जनला समजावून सांगणे आपलेच काम आहे.

व्हेंटिलेटरवरचा श्वास काट्यावरच्या वजनाने ठरवू नये. फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, चरबीने तो वाढत नाही. स्त्रियांसाठी 45.5 आणि पुरुषांसाठी 50 या आकड्यात, सेंटिमीटरमधील उंचीतून 152.4 वजा करून आलेल्या संख्येची 0.91 पट मिळवावी. उंचीवरून काढलेले हे वजन या बाईंसाठी साधारण 43 किलो येते. किलोमागे 7 मिलिलिटर धरले तर एक श्वास 300 मिलिलिटरचा होतो. 68 किलो धरले असते तर तो 476 झाला असता, आणि एवढी हवा त्या अरुंद वाटांनी वेळेत बाहेर पडली नसती.

मग वेळेचा हिशेब. मिनिटाला 15 श्वास आणि आत-बाहेरचे प्रमाण 1:2 ठेवले तर श्वास सोडायला 2.7 सेकंद मिळतात. प्रमाण 1:4 केले तरी ते 3.2 सेकंदच होतात. श्वासांचा दर मात्र 10 वर आणला, तर 1:2 लाच 4 सेकंद मिळतात आणि 1:3 ला 4.5 सेकंद. म्हणून अडथळ्याच्या रुग्णात आधी दर कमी करावा आणि प्रमाणाला नंतर हात लावावा. हा क्रम उलटा झालेला मी अनेकदा पाहतो.

रिपोर्टवरून ठरवलेले आकडे ही फक्त सुरुवात असते. खरे काय ते पडद्यावर दिसते. पुढचा श्वास सुरू होण्यापूर्वी प्रवाहाची रेषा शून्यावर परत येत नसेल तर हवा आत कोंडते आहे. कॅप्नोग्राफची (सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडच्या आलेखाची) चौकोनी लाट शार्कच्या पाठीवरच्या परासारखी तिरकी होणे हीही तीच खूण. रक्तदाब अचानक कोसळला आणि हवा कोंडल्याचा संशय असला, तर व्हेंटिलेटरचे सर्किट काही क्षण श्वासनलिकेतील नळीपासून सोडवून छाती रिकामी होऊ द्यावी. हवा निघाल्यावर रक्तदाब चढला तर निदान आणि उपचार एकदमच झाले. पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, थोडाच, 5 सेंटिमीटर पाण्याच्या आसपास ठेवावा, आणि तो वाढवल्यावर प्लॅटो दाबही (श्वास आत भरून क्षणभर थांबल्यावरचा दाब) चढत असेल तर मागे यावे. प्लॅटो 30 च्या खाली राहावा.

न फुलणाऱ्या फुप्फुसाचे गणित याच्या उलट असते. ते लवकर रिकामे होते, म्हणून किलोमागे 6 मिलिलिटरचा लहान श्वास आणि 16 ते 20 चा दर चालतो. प्लॅटोतून पीप वजा केल्यावर उरणारा दाब 15 च्या आत ठेवावा.

फुप्फुसाचा भाग काढायचा असेल तर एकूण 19 खंड (सेगमेंट) धरून हिशेब करतात. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या पाळीत (लोबमध्ये) 5 खंड असतात, म्हणून 1.9 लिटर एफईव्ही वन असलेल्या रुग्णाकडे ती पाळी काढल्यावर सुमारे 1.4 लिटर उरेल. डीएलसीओचाही असाच हिशेब करावा. दोहोंपैकी एकही अपेक्षित मूल्याच्या 30 टक्क्यांखाली जात असेल तर धोका मोठा आहे. एका फुप्फुसावर श्वास देताना किलोमागे 4 ते 6 मिलिलिटर पुरेत.

दर कमी ठेवल्यावर कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि नवख्या हाताला तो लगेच 35 मिमी पाऱ्यावर आणावासा वाटतो. आपल्या बाईंचा शस्त्रक्रियेआधीचा धमनीतील आकडा 48 असेल तर भुलेतही तो त्याच्या आसपास ठेवावा; 35 वर उतरवला तर शेवटी त्या स्वतःहून श्वासच घेईनाशा होतात. कॅप्नोग्राफचा आकडा अशा फुप्फुसांत धमनीतल्यापेक्षा बराच कमी दिसतो, म्हणून एकदा धमनीचा नमुना पाठवून दोहोंतील फरक भुलेच्या कागदावर लिहून ठेवावा. नळी काढण्यापूर्वी स्नायूंची ताकद मोजून टीओएफ गुणोत्तर (मज्जातंतूला चार झटके देऊन चौथ्या आणि पहिल्या आकुंचनाची तुलना) 0.9 च्या वर असल्याची खात्री करावी आणि बाईंना डोक्याकडून उंच करून बसते करावे. रिकव्हरीतल्या सिस्टरना ऑक्सिजनचे लक्ष्य 88 ते 92 टक्के असल्याचे तोंडी सांगावेच, शिवाय ते पलंगाशी टांगलेल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहावे, कारण पाळी बदलल्यावर तोंडी सांगितलेले पुढच्या सिस्टरपर्यंत पोहोचेलच असे नाही.