चांदीच्या नाण्यावरची रेघ: ओरखडा की डायची खूण?

न्यू जर्सीत एका नाण्यांच्या दुकानात काउंटरला लागले त्याला महिनाही झाला नव्हता, आणि एक आजोबा सिल्व्हर ईगलची (अमेरिकन टांकसाळीचं चांदीचं नाणं) अख्खी ट्यूब, म्हणजे नाणी ठेवायची प्लास्टिकची नळी, विकायला घेऊन आले. २० नाणी. मी लूप (छोटं भिंग) लावून एकेक बघितलं आणि त्यातली ७ बाजूला काढली, म्हटलं यांच्यावर स्क्रॅच आहेत, प्रीमियम, म्हणजे चांदीच्या भावावरचे जास्तीचे पैसे, नाही मिळणार, नुसता चांदीचा भाव. आजोबा म्हणाले अहो मी ती कधी ट्यूबबाहेरसुद्धा काढली नाहीत. मी ऐकलं नाही. ते गेल्यावर दुकानातल्या सीनियर बाईंनी ती सातही नाणी दिव्याखाली ओळीने मांडली आणि एवढंच विचारलं की सात नाण्यांवर ओरखडा बरोब्बर एकाच जागी कसा पडेल? आजोबांना फोन करून राहिलेले पैसे दिले, पण तो प्रश्न आठवला की अजून पोटात गोळा येतो.

त्या रेघा म्हणजे डाय पॉलिशच्या खुणा. हे नीट समजून घ्या, दोनदा वाचा हवं तर, कारण नवीन माणूस इथेच फसतो. डाय म्हणजे नाण्याचा उलटा साचा, म्हणजे नाण्यावर जो सपाट मोकळा भाग दिसतो तो डायवर सगळ्यात वर असतो आणि अक्षरं, चित्र हे डायमध्ये खोल असतं. टांकसाळीत डाय साफ करताना घासतात तेव्हा घासणारी वस्तू फक्त त्या वरच्या भागाला लागते, खोलातल्या अक्षरांना लागतच नाही. डायवर बारीक चर पडतात आणि त्या डायने नाणं छापलं की ते चर नाण्यावर उंच रेघा होऊन येतात. म्हणून डायची रेघ मोकळ्या जागेत चालते, अक्षराच्या कडेला येऊन थांबते आणि पलीकडून परत सुरू होते, जणू अक्षराच्या खालून गेली. ओरखडा असं करत नाही. ओरखडा अक्षरावरूनही जातो, आणि मुळात उंच भागालाच आधी लागतो. आणि एकाच डायने हजारो नाणी निघतात म्हणून ट्यूबमधल्या बाकीच्या नाण्यांवर तीच रेघ त्याच जागी शोधा. सापडली तर विषय संपला, गिऱ्हाइकाला काही बोलू नका.

उंच की खोल हे बघायला एकच दिवा ठेवा आणि तो कुठल्या बाजूला आहे ते लक्षात ठेवा. रेघेची दिव्याकडची बाजू चमकली आणि पलीकडे सावली पडली तर रेघ उंच. उलटं असेल तर खोल. वर ट्यूबलाइट चालू असेल तर डोळा हमखास फसवतो आणि खोल रेघ उंच वाटायला लागते, त्यामुळे ती आधी बंद करा.

बाकीच्या गोष्टी एवढ्या अवघड नाहीत. कमी दाबाने छापलेलं नाणं आणि झिजलेलं नाणं यात गोंधळ होतो, त्यासाठी घरात आजीचे राणीछाप रुपये असतील तर काढून बघा. राणीचा गाल आणि केस गुळगुळीत झालेले, रंग मंद, ही झीज. कमी ठशाच्या, म्हणजे कमी दाबाने छापलेल्या, नाण्यावर उंच भाग सपाट दिसतो पण चमक तशीच असते, आणि छापण्याआधीच्या कोऱ्या चकतीवरचे मूळचे बारीक खड्डे तिथे राहून गेलेले असतात कारण धातू तिथपर्यंत दाबलाच गेला नाही. ईगलवर लिबर्टीचं (त्यावरच्या बाईच्या चित्राचं) डोकं आणि फांद्या धरलेला हात आधी बघा. अक्षर पुसट किंवा अर्धं गायब असेल आणि कडा विरघळल्यासारख्या मऊ असतील तर डायमध्ये ग्रीस भरलं होतं. कुणी खरवडलं असेल तर बाजूला धातू सरकून बारीक बांध तयार झालेला दिसतो. पांढरे दुधाळ डाग ही ठशाची चूकच नव्हे, ते नाणं छापून झाल्यावर कधीतरी उगवतात, कॅनडाच्या टांकसाळीने त्यावर उपाय म्हणून २०१८ पासून आपल्या मेपल लीफ या चांदीच्या नाण्यावर मिंटशील्ड नावाचं तंत्र आणलं. डिपमध्ये (नाणी साफ करायच्या रसायनात) बुडवून ते डाग सहसा जात नाहीत, चमक मात्र जाते. अजिबात करू नका.

आणि प्लीज, पहिल्या दिवशी मोठं भिंग घेऊ नका. २० पटीच्या भिंगाखाली एकही नाणं निर्दोष नसतं. एनजीसी या नाण्यांना ग्रेड देणाऱ्या कंपनीची ७० ग्रेडची, म्हणजे सगळ्यात वरच्या ग्रेडची, व्याख्यासुद्धा ५ पटीवर आहे, आणि त्यातही छापल्यानंतर झालेला दोष नको असं म्हटलंय, टांकसाळीतून आलेली पॉलिशची रेघ हा वेगळा मुद्दा. आधी नुसत्या डोळ्याने हातभर अंतरावरून बघा, मग भिंग. गुंतवणुकीसाठी घेणाऱ्याला तर किरकोळ ठशाच्या चुकांनी काही फरक पडत नाही, ३१.१ ग्रॅम चांदी ती चांदीच.

व्हिडिओ बघून ग्रेडिंग, म्हणजे नाण्याची प्रत ठरवणं, शिकता येतं यावर माझा विश्वास नाही. व्हिडिओत दिवा दुसऱ्याच्या हातात असतो. "अनुभवाने कळेल" म्हणणारे गुरूही मला नको वाटतात, कारण कळेल म्हणजे काय कळेल हे ते सांगत नाहीत. आमच्या बाईंनी मला प्रत्येक नाण्यावरची रेघ वहीत काढायला लावली, कुठून सुरू, कुठल्या अक्षरापाशी थांबली. तीन आठवडे रोज. वैताग यायचा, पण चौथ्या आठवड्यात वही न उघडता कळायला लागलं. तुम्हालाही कळेल, घाबरू नका, दुकानात नोकरी नसेल तर ओळखीतल्या कुणाकडून एक ट्यूब तासभर मागून घ्या, कडेने धरा, मऊ कापड खाली अंथरा, आणि अक्षराजवळ रेघ काय करते तेवढंच बघा.