सोयाबीनचा वाण निवडताना या चुका टाळा

मे उजाडला की प्रत्येकाचा एकच प्रश्न, "यंदा कुठलं सोयाबीन पेरू?" मी उलट विचारतो, रान कुठलं? एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मग दोन्हीकडे एकच वाण कसा चालेल?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पाहुण्याचं पीक बघून बियाणं आणणं. मी ती केली आहे. मेव्हण्यांचं रान इस्लामपूरजवळ, काळं, खोल, विहिरीचं पाणी हाताशी. त्यांचा फुले संगम हा वाण बघून भुललो आणि तेच बियाणं खटावातल्या आमच्या माळावर पेरलं. तिथं वीतभर मातीखाली मुरूम. ऑगस्टपर्यंत पीक झकास होतं. पण हा वाण १००-१०५ दिवसांचा. ऐन दाणे भरायच्या वेळी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून पाऊस गायब झाला. वीस दिवसांनी शेंगा फोडून बघितल्या तर शेंड्याकडच्या सगळ्या चपट्या, आत दाणा तांदळाएवढा. बांधापलीकडं चुलत्यांचं जेएस ९३-०५ होतं, ८५-९० दिवसांचं. ताण पडायच्या आत त्याचे दाणे भरत आले होते. त्यांना एकरी सात क्विंटल झालं, मला साडेतीन.

म्हणून फुले संगम वाईट ठरत नाही. खोल रानात, पाण्याची सोय असताना ते जास्तीचे पंधरा दिवस दाण्यात उतरतात. शिवाय कृष्णाकाठी तांबेरा, म्हणजे पानांवर तांबूस ठिपके पाडणारा बुरशीचा रोग, येतो. जेएस ३३५ हा वाण त्याला लवकर बळी पडतो. केडीएस ७२६, म्हणजे फुले संगम, यातलं 'केडी' म्हणजे सांगलीजवळचं कसबे डिग्रज. राहुरी कृषी विद्यापीठाच्या तिथल्या संशोधन केंद्रानं फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया हे वाण दिले, ते तांबेऱ्याला तोंड देणारे म्हणून. हे ध्यानात न घेता नुसतं पिशवीवरचं एकरी उत्पादन वाचणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. तो आकडा तुमच्या रानातला नसतो.

दुसरी चूक, एका वर्षात निकाल लावणं. नव्यानं शेतीत आलेल्या पोरांना पहिल्याच हंगामात 'नंबर एक' वाण हवा असतो. पाऊस बदलला की नंबरही बदलतो. तीन वर्षं तरी बघा. मी दरवर्षी दोन वाण शेजारी-शेजारी, एकाच दिवशी, गुंठा-गुंठा पेरतो. उताराचं रान असेल तर वर एक जोडी, खाली एक जोडी. बांधाकडच्या ओळी मापात धरत नाही, तिथलं पीक मोकळ्या जागेनं फसवतं. दोन्ही एकसारखं वाळवूनच काट्यावर घालतो.

पेरणी जुलैच्या मध्यापुढं गेली तर उशिराच्या वाणाचा हट्ट सोडा. दिवस लहान होत जातात तसं सोयाबीन लवकर फुलावर येतं, झाड खुजंच राहतं.

दोन वाणांना वजनानं सारखं बियाणं टाकून तुलना करू नका. टपोऱ्या दाण्याच्या वाणाची रोपं कमी पडतात. दाणे मोजून टोका.

आणि घरचं बियाणं असो की विकतचं, १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघितल्याशिवाय मी कुरीला, म्हणजे पेरणीच्या अवजाराला, हात लावत नाही. सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणं पेरत नाही.