घरपट्टीची सुनावणी : सातारकरांनो, या चुका टाळा

वाढीव घरपट्टीची नोटीस पेठेत पोचली की सगळ्यात आधी तयार होतं ते निवेदन. "अन्यायकारक करवाढ तात्काळ रद्द करावी" अशी वर ठळक ओळ, खाली पानभर सह्या, मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलापाशी उभं राहून काढलेला फोटो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. गल्लीला वाटतं, काम झालं.

काम झालेलं नसतं. निवेदन वेगळं, हरकत वेगळी. निवेदनाने दबाव येतो, आणि तो यावाही. पण आकारणी यादीत तुमच्या मिळकतीपुढे लिहिलेला आकडा बदलायचा असेल तर तुमच्या मिळकत क्रमांकाची, तुमच्या सहीची, मुदतीत दिलेली लेखी हरकत लागते. शनिवार पेठेतल्या सगळ्यांनी मिळून एक कागद दिला तर त्यावर सुनावणी कोणत्या घराची घ्यायची? अधिकारी तो कागद फायलीला लावतो आणि मुदत संपल्यावर यादी कायम होते. मोर्चाला जरूर जा, पण जाण्याआधी आपली हरकत आवक विभागात देऊन पोच घ्या. एका घराचे दोन मिळकत क्रमांक असतील तर अर्जही दोन द्या. अपार्टमेंट असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर भागवू नका, प्रत्येक फ्लॅटधारकाने आपापला अर्ज द्यावा.

दराचं भांडण मूल्याच्या सुनावणीत

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती करणारे बहुतेक सुशिक्षित असतात. सुनावणीला जाऊन ते दहा मिनिटं बोलतात : रस्त्यांची दुर्दशा, बंद पथदिवे, गटार, घंटागाडी, नगरपालिकेचा वायफळ खर्च. समोरचा अधिकारी शांतपणे ऐकतो आणि शेवटी विचारतो, "आकारणीबद्दल तुमचं म्हणणं काय?" त्यावर उत्तर नसतं.

घरपट्टीचे दोन भाग असतात. एक दर, म्हणजे करयोग्य मूल्याच्या किती टक्के कर घ्यायचा ते. शासनाने घातलेल्या मर्यादेत तो नगरपरिषद सर्वसाधारण सभेच्या ठरावाने ठरवते. नगरसेवक नसतील त्या काळात हेच काम प्रशासक करतो. दुसरा भाग म्हणजे तुमच्या घराचं करयोग्य मूल्य, म्हणजे घराच्या वाजवी वार्षिक भाड्यावरून काढलेली रक्कम. सातारा नगरपरिषद १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालते. त्या कायद्याप्रमाणे आकारणी यादीची किमान चार वर्षांतून एकदा पूर्ण फेरतपासणी करायची असते. तिलाच आपण चतुर्थ वार्षिक पाहणी म्हणतो. या पाहणीनंतरच्या हरकती नगररचना खात्याचा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी ऐकतो. दर कमी करणं त्याच्या हातात नाही. तुमच्या घराचं मोजमाप, बांधकामाचा प्रकार, वापर आणि वय या नोंदी दुरुस्त करणं आहे. जे त्याच्या हातात आहे तेच मागा.

मग दराबद्दल बोलायचं कुठे? कर बसवायचा किंवा बदलायचा ठराव होतो तेव्हा नगरपरिषद त्याची जाहीर नोटीस काढून रहिवाशांच्या हरकती मागवते. ती नोटीस स्थानिक पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात येते आणि फारसं कुणी वाचत नाही. दर कमी हवा असेल तर त्या नोटिशीवर लेखी हरकत द्या, आणि अर्थसंकल्पाची सभा लागण्याआधीच, डिसेंबर-जानेवारीत, आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला गाठा. बिलं छापून घरी आल्यावर दरावर भांडणं म्हणजे वरात निघून गेल्यावर बँड ठरवणं.

आणखी एक भानगड. बिलावर दिसणारी प्रत्येक ओळ नगरपालिकेची नसते. शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे कर. नगरपालिका ते फक्त गोळा करून देते. ते रद्द करायचा ठराव साताऱ्याच्या सभागृहाने एकमताने केला तरी उपयोग नाही. पाण्याचंही तसंच. शहराच्या काही भागाला नगरपालिकेचं कासचं पाणी येतं, तर काही भागाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. प्राधिकरणाचं बिल वेगळं येत असेल तर कमी दाबाच्या पाण्याची तक्रार घरपट्टीच्या सुनावणीत मांडून वेळ घालवू नका.

नोटिशीतला शेवटचा आकडाच पाहणे

"गेल्या वेळी पंधराशे होती, आता तेवीसशे केली" ही हरकत होत नाही. वाढ कशामुळे झाली ते शोधावं लागतं, आणि त्यासाठी हिशेब समजून घ्यावा लागतो. तो अवघड नाही. घर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल ते धरतात, वर्षाचं करतात, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात. उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर दर लावायचा.

समजा, घर ५० चौरस मीटरचं, भाडेमूल्य महिन्याला चौरस मीटरमागे १२ रुपये आणि करांचा एकूण दर २४ टक्के. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमचे तुमच्या नोटिशीतून घ्या. वर्षाचं भाडं ७,२०० रुपये. दहा टक्के वजा जाता ६,४८०. कर १,५५५ रुपये.

आता मोजणाऱ्याने बाल्कनी आणि उघडा जिना धरून ६२ चौरस मीटर लिहिलं असेल तर कर १,९२८ रुपये होतो. मोजमाप बरोबर, ५० च आहे, पण "स्वतःचा वापर" ऐवजी "भाडेकरू" असं लिहिलं आणि त्यामुळे १२ च्या जागी १८ रुपये लागले, तर कर २,३३३ रुपये. म्हणजे टेप लावून बारा चौरस मीटर जास्त मोजल्यापेक्षा रकान्यातला एक शब्द जास्त महाग पडला. लोक मात्र फुटासाठी भांडतात आणि वापराचा रकाना वाचतही नाहीत.

मुलगा पुण्याला आणि वरचा मजला कुलूपबंद, तरी त्यापुढे "भाडेकरू". तळमजल्यावर पूर्वी पिठाची गिरणी होती, ती बंद होऊन काळ लोटला, तरी नोंद "वाणिज्य". व्यंकटपुरा किंवा यादोगोपाळ पेठेतल्या जुन्या दगड-मातीच्या वाड्याला मागच्या बाजूला एक नवी स्लॅबची खोली जोडली, आणि पाहणीत अख्खा वाडाच आरसीसी झाला. अशा चुका सापडतात, आणि त्याच अधिकाऱ्याला दुरुस्त करता येतात. इमारतीचं वय नीट लागलं आहे का तेही बघा. जुन्या बांधकामाला नव्याचा भाव लागला तर हरकतीला ते सगळ्यात सरळ कारण आहे.

हिशेबाचा तपशील नोटिशीत नसेल तर काय करायचं? इथे हुशार माणसं माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. पण हरकतीची मुदतही साधारण महिन्याभराचीच असते. उत्तर हातात येईतो ती निघून जाते. त्याची गरजही नसते. आकारणी यादी पाहणं आणि आपल्या मिळकतीपुरता उतारा लिहून घेणं हा मालकाचा आणि भोगवटादाराचा, म्हणजे घर प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा, हक्क आहे. वसुली विभागात जा, मिळकत क्रमांक सांगा, पाहणीचा तक्ता दाखवायला सांगा. मागच्या पाहणीची नोंदही विचारा. दोन्ही शेजारी ठेवल्या की कोणता रकाना बदलला ते लगेच दिसतं.

शेजाऱ्याचं बिल आणि जुनी ग्रामपंचायत

"शेजारच्याला कमी कशी?" हा प्रश्न सुनावणीत विचारता येतो, पण जपून. शेजाऱ्याचं घर त्याच भागातलं, त्याच प्रकारचं, त्याच वयाचं असेल तर तुलना बिनतोड ठरते. त्याचा मिळकत क्रमांक आणि करयोग्य मूल्य अर्जात लिहा. नुसतं "सगळ्यांना कमी आहे" असं म्हणाल तर एखादे वेळी शेजाऱ्याचीच वाढायची, आणि पुढची चार वर्षं तो तुमच्याशी बोलायचा नाही.

२०२० च्या हद्दवाढीत आलेल्या शाहूपुरी, विलासपूर या भागांत वेगळाच घोळ दिसतो. लोक ग्रामपंचायतीची जुनी पावती घेऊन येतात आणि म्हणतात, घर तेच, मग कर दुसरा कसा? ग्रामपंचायतीची आकारणी भांडवली मूल्यावर आणि नगरपरिषदेची भाडेमूल्यावर. दोन रकमांची तुलना करून काही सिद्ध होत नाही. पण ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा फेकू नका. त्यात बांधकामाचं वर्णन आणि क्षेत्रफळ असतं, आणि जुनी नोंद म्हणून तो पुरावा कामाला येतो. फक्त चौरस फूट आणि चौरस मीटर यांचा गोंधळ करू नका. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट.

दुसऱ्या गावचा फॉर्म

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हरकतीचा नमुना बरेचदा सांगलीचा असतो. सांगली, मिरज, कुपवाड ही १९९८ पासून महापालिका आहे, तिला १९४९ चा महापालिका अधिनियम लागू. तिथे आयुक्त, तिथे वेगळी कलमं, तिथे पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचं बंधन. "मा. आयुक्त, सातारा" असा अर्ज कुणी फेकून देत नाही, पण त्यातली कलमं चुकीची असतात आणि पुढे अपिलात त्याचा त्रास होतो. खरं तर कलमं लिहायची गरजच नसते. मिळकत क्रमांक, नोटिशीची तारीख, कोणती नोंद चुकीची, बरोबर काय, सोबत कोणते कागद, सही आणि मोबाइल नंबर. एवढा एका पानाचा अर्ज पाच पानी कायदेशीर मसुद्यापेक्षा चांगलं काम करतो.

आजोबांच्या नावावरची नोटीस

जुन्या पेठांत निम्मी भांडणं इथे अडतात. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन दोन पिढ्या झाल्या, सुनावणीला नातू जातो आणि "तुमचा संबंध काय?" या प्रश्नाला अडखळतो. वारसनोंद राहिली असली तरी भोगवटादार म्हणून हरकत देता येते. तसं अर्जात स्पष्ट लिहा आणि मृत्यूचा दाखला, आधार, वीजबिल जोडा. दुसऱ्याला पाठवणार असाल तर सहीचं अधिकारपत्र द्या. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर नाव लागलं म्हणजे नगरपालिकेतही आपोआप लागलं, असं समजू नका. नगरपालिकेत वेगळा अर्ज करावा लागतो.

उलटा गैरसमजही तेवढाच पसरलेला आहे. घरपट्टी आपल्या नावाने येते म्हणजे घर आपलं झालं, किंवा वाढवलेला मजला नगरपालिकेने करात धरला म्हणजे तो अधिकृत झाला. दोन्ही खोटं. कर आकारल्याने मालकी ठरत नाही आणि बांधकाम नियमितही होत नाही. म्हणून सुनावणीत तावातावाने "वरच्या मजल्याचा कर मी भरतोच आहे!" असं सांगण्याआधी त्या मजल्याची परवानगी घरात आहे का ते पाहून घ्या.

सुनावणीच्या दिवशी

तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलात तर कागदांवरून निर्णय होतो. जाताना नोटीस, हरकतीची पोच, मंजूर नकाशा किंवा जुना कर उतारा आणि घराचे दोन-चार फोटो न्या. बोलणं पाच मिनिटांत आटपा. मोजमापाचा वाद असेल तर "समक्ष फेरमोजणी करावी" अशी लेखी मागणी करा, आणि मोजणीला माणूस आला की घरात थांबा. तो येऊन गेला तेव्हा घराला कुलूप होतं, म्हणून जुनाच आकडा कायम झाला, असं पुष्कळदा होतं. निर्णय तोंडी ऐकून परतू नका, लेखी मागा.

"हरकत दिली आहे, मग कशाला भरू?"

भरा. हरकत प्रलंबित आहे म्हणून बिलाची तारीख थांबत नाही आणि थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. वाचवायचे होते तीनशे आणि शास्ती गेली पाचशे, असा व्यवहार करणारे लोक साताऱ्यात आहेत. पावती घेताना "हक्क राखून भरणा" असा अर्ज सोबत द्या. निर्णय तुमच्या बाजूने लागला की जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागता येते. शास्तीमाफीची अभय योजना येईल या आशेवर बसणाऱ्यांना समजावण्यात अर्थ नाही. ती येते तेव्हा येते, तोवर जप्तीची नोटीस आधी आलेली असते.

सुनावणीतला निर्णय पटला नाही तर मालमत्ता कर अपील समितीकडे जाता येतं. तिथे दोन अटी बघतात : आधी मुदतीत हरकत दिली होती का, आणि बिलाची रक्कम भरली आहे का. ज्यांनी फक्त निवेदनावर सही केली होती ते पहिल्या अटीत अडकतात, रागाने बिल न भरणारे दुसरीत. अपिलाची मुदतही लहान, दिवसांत मोजायची असते.

हरकतीशी संबंध नसलेली, पण सातारा जिल्ह्यात सांगायलाच हवी अशी एक गोष्ट. अपशिंगे मिलिटरीपासून शहरातल्या सदरबझारपर्यंत इथे घरटी फौजी आहेत. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवा पत्नींना एका घराच्या करात सवलत देणारी योजना राज्य शासनाने २०२० मध्ये लागू केली. ती आपोआप लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून नगरपालिकेत अर्ज करावा लागतो. असे कितीतरी जण वाढीव पट्टीवर हरकत देतात, तारखेला येऊन बसतात, चार रुपये कमी करून घेतात, आणि सवलतीचा अर्ज मात्र केलेलाच नसतो.