झाकण उघडलं की लॅपटॉप बंद पडतो? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपला नवीन खोड लागली. लोअर परळला ऑफिसात झाकण बंद करून, म्हणजे स्लीपमध्ये झोपवून, बॅगेत टाकायचा, दादरला गाडी बदलून भांडुपला यायचं, चहा होईपर्यंत झाकण उघडायचं, की पंखा एकदम बोंबलणार, स्क्रीन काळी, आणि थोड्या वेळाने परत कंपनीचा लोगो. म्हणजे रिस्टार्ट, आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलं. स्टेशनजवळच्या एका दुकानात दाखवला तर त्याने एक स्क्रूही न काढता सांगून टाकलं, मदरबोर्ड. आकडा ऐकून मी गुपचूप लॅपटॉप परत बॅगेत घातला. शेवटी निघालं काय तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि त्या पार्टमधला दुवा असणारं सॉफ्टवेअर, खर्च शून्य. पण तिथवर पोचायला दोन आठवडे गेले कारण मी एका रात्रीत पाच पाच गोष्टी बदलत होतो आणि मग कशाने काय झालं तेच कळेना. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय, विंडोज १० आणि ११ धरून. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर मात्र यातलं काही करू नका, सरळ आयटीवाल्यांच्या गळ्यात घाला.

आधी डेटाचा बॅकअप घ्या. मग हे ठरवा की लॅपटॉप खरंच मरतोय का फक्त स्क्रीन काळी राहतेय, कारण लोक दोन्हीला क्रॅशच म्हणतात. झाकण उघडल्यावर काळी स्क्रीन आली की कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागला-विझला तर आत सगळं जिवंत आहे, फक्त डिस्प्ले उठलेला नाही. अशा वेळी पॉवर बटण दाबून धरायची घाई करू नका, विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. एक बीप येतो, स्क्रीन फडफडते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघड्या फाइली तशाच राहतात. ऑफिसात मोठा मॉनिटर लावत असाल तर विंडोज आणि पी दाबूनही बघा, कधीकधी लॅपटॉपला वाटत असतं की तो मॉनिटर अजून जोडलेलाच आहे आणि चित्र तिकडे पाठवत बसतो. कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म हलत नसेल तर मग खरंच हँग आहे, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरण्याशिवाय इलाज नाही.

आता पुरावा गोळा करायचा. स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, त्यात सिस्टम. तिथे लाल खुणेची एक नोंद दिसेल, कर्नल-पॉवर, नंबर ४१. ही बघून बरेच जण घाबरतात आणि काही दुकानदार हीच दाखवून पार्ट बदलायला लावतात. पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. का, ते त्यात नाही. शिवाय ही नोंद परत चालू होताना पडते, म्हणजे तिची वेळ ही बंद पडण्याची वेळ नाही, ती वेळ हवी असेल तर ६००८ नंबरची नोंद शोधा, तिच्या मजकुरात ती लिहिलेली असते. ४१ च्या डिटेल्स टॅबमध्ये मात्र बगचेक कोड नावाची ओळ आहे, ती कामाची. तिथे ० असेल तर ब्लू स्क्रीनची (विंडोज कोलमडल्यावर येणारी एररची स्क्रीन) नोंदच झाली नाही, म्हणजे पॉवर गेली, नाहीतर पूर्ण हँग होऊन तुम्हीच बटण दाबलं. १५९ असेल तर कुठलातरी ड्रायव्हर झोपताना किंवा उठताना अडकलाय. नेटवर हाच कोड ९एफ म्हणून सापडतो, आकडा तोच, मोजायची पद्धत वेगळी, मला हे कळायलाच दोन दिवस लागले. २७८ म्हणजे ग्राफिक्स, नेटवर ११६. माझ्याकडे हाच होता.

आसपासच्या नोंदीही वाचा. जुन्या पद्धतीच्या स्लीपमध्ये (प्रकार खाली सांगतो) ४२ म्हणजे झोपला आणि १०७ म्हणजे उठला. ४२ आहे, १०७ नाही आणि थेट ४१, तर झोपेतच गेला किंवा उठता उठता. ब्लू स्क्रीन येत असेल तर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाचा फोल्डर असतो, त्यातली फाइल निरसॉफ्टच्या ब्लूस्क्रीनव्ह्यू या फुकट टूलमध्ये उघडली की ड्रायव्हरचं नाव बहुतेकदा मिळतं. नुसतं विंडोजच्या कर्नलचंच, म्हणजे गाभ्याचंच, नाव दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नका, गुन्हा दुसऱ्याचा असतो आणि पकडला हा जातो.

यानंतरचा भाग आपल्या लोकलवाल्यांसाठी महत्त्वाचा. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, ए अशी कमांड द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. तुमच्या लॅपटॉपला कुठल्या प्रकारची झोप येते ते दिसेल. एस थ्री लिहिलं असेल तर ती जुनी झोप, तीत फक्त रॅमला (चालू कामाची तात्पुरती मेमरी) वीज मिळते, बाकी जवळजवळ सगळं बंद. एस झिरो लो पॉवर आयडल असेल तर ती मॉडर्न स्टँडबाय, ही मोबाइलसारखी. स्क्रीन बंद, पण आतून अर्धवट जागा, अधूनमधून वायफाय चालू, मेल बघतोय, अपडेट बघतोय. घरात टेबलावर ठीक आहे. पण बॅगेत कोंबलेला, बॅग छातीवर, भोवती संध्याकाळची फास्ट लोकल, हवा जायला फट नाही, अशात तो जागा झाला की तापतो आणि बॅटरी खातो. घरी येऊन बघता तर बंद. हा उठतानाचा क्रॅश नव्हेच, तो ठाण्याच्या आधीच गेलेला असतो. तपासायचं असेल तर त्याच पॉवरसीएफजीपुढे ए च्या जागी स्लीपस्टडी लिहा, एक रिपोर्ट तयार होतो, ब्राउझरमध्ये उघडा, कधी किती बॅटरी गेली आणि कोणी जागं ठेवलं ते त्यात येतं.

यावर माझा साधा उपाय म्हणजे प्रवासात हायबरनेट. यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जा, झाकण बंद केल्यावर काय करायचं तिथे हायबरनेट निवडा. पर्याय दिसत नसेल तर पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, एच, स्पेस, ऑन ही कमांड अ‍ॅडमिनमधून. उठायला काही सेकंद जास्त लागतात, लागू देत. यातून एक चाचणीही होते बरं का, हायबरनेटमधून दर वेळी नीट येतो आणि फक्त स्लीपमधूनच मरतो, तर ड्रायव्हर किंवा बायोसवर (विंडोजच्याही आधी सुरू होणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर) संशय जास्त. दोन्हीतून मरत असेल तर रॅम आणि एसएसडीकडेही, म्हणजे डिस्ककडेही, बघा.

ड्रायव्हरची तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख टाकून लिहा, हे मी अगदी हात जोडून सांगतो. सुरुवात लॅपटॉप मोकळा करून, म्हणजे डॉक, माऊसचा डोंगल, पेनड्राइव्ह, सगळं काढा आणि तसाच झोपवून उठवा. नीट उठला तर एकेक परत लावत जा. नाही उठला तर सेटिंग्जमध्ये अपडेट हिस्टरी बघा, त्रास सुरू झाला त्याच्या आगेमागे कुठला ड्रायव्हर आलाय का. माझ्याकडे दोनच दिवस आधी विंडोज अपडेटने ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर घातला होता आणि मी मात्र पावसाला दोष देत होतो. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, तिथे रोल बॅक. बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही, मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून तिथला घ्या. ग्राफिक्सनंतर वायफाय-ब्लूटूथ, मग चिपसेट, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपांचा ड्रायव्हर. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं घालू नका, एक दुखणं जाऊन तीन येतात.

वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल तर वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू देणारी टिक काढून बघा. मॉडर्न स्टँडबायवाल्या मशीनवर हा टॅब बऱ्याचदा नसतोच, शोधत बसू नका.

प्रत्येक बदलानंतर दोन मिनिटं झोपवून उठवणं पुरत नाही. माझा दोन मिनिटांच्या झोपेतून दहाच्या दहा वेळा नीट उठायचा आणि तासाभराच्या झोपेनंतर मरायचा. रात्रभर ठेवून सकाळी उघडा, निदान तीन रात्री.

अजून एक, बरेच जण म्हणतात की शटडाउन करून चालू केला तरी तेच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतंच, विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवून तोच परत उठवला जातो, म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेतच परत. रिस्टार्टमध्ये तसं होत नाही. तपासणी चालू असेपर्यंत फास्ट स्टार्टअप बंद ठेवा, पॉवर बटणाच्या सेटिंगमध्येच आहे.

बायोस अपडेट मी सगळ्यात शेवटी करतो, पण झोपेचे बरेच घोळ त्यानेच सुटतात हेही खरं. चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना, मध्ये अजिबात हात न लावता. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा, आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर अपडेटनंतर लॅपटॉप ती की मागेल आणि तुम्ही डोक्याला हात लावून बसाल.

रॅमची गोष्ट माझ्या मावसभावाची. त्याने लॅमिंग्टन रोडवरून जास्तीची रॅम आणून बसवली, पुढच्या आठवड्यापासून झोपेतून उठताना ब्लू स्क्रीन, आणि दर वेळी कोड वेगळा. कोड रोज बदलतोय म्हटल्यावर मी ड्रायव्हरचा नाद सोडला. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लावलं, काही सापडलं नाही, तरी ती नवी पट्टी काढून चार दिवस चालवला तर एकदम शहाणा. मग पट्टीचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबराने हलके पुसून परत लावली, तेव्हापासून ठीक आहे. आपल्याकडच्या दमट हवेत हे एवढं करून बघायला काही जात नाही, फक्त बॅटरी बंद करून किंवा तिची वायर काढून मगच हात घाला. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे हा विषय संपला.

इतकं करूनही मरतोच आहे तर दुकान गाठा, पण वही घेऊन. कोड काय येतो, किती वेळाच्या झोपेनंतर, हायबरनेटमधून उठतो का, काय काय बदलून झालं, हे सांगितलं की समोरचा मदरबोर्ड म्हणायच्या आधी थांबतो. आणि बोर्ड बदललाच तर जुना परत मागून घ्या.