सांगलीत घर बघताना: आधी पुलाचे फूट, मग भाडं

सांगलीकराला गावातलं काय आवडतं, असं विचारलं की कृष्णेचा घाट येतो, गणपती मंदिर येतं, नाटकं येतात, हरिपूरच्या संगमापर्यंतची संध्याकाळची फेरी येते, आणि पायी दहा मिनिटांत मिळणारा बाजार येतो. काय नको वाटतं, तर पूर, सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्याचा वास, शामरावनगरचा पावसाळी चिखल, डास, आणि शिकून पुण्याला गेलेली मुलं परत येत नाहीत ही खंत. शेवटची गोष्ट घर बदलून सुटत नाही. बाकीच्यांचं मात्र बरंचसं तुम्ही कोणत्या गल्लीत आणि किती उंचीवर राहता यावर ठरतं.

अडचण अशी की आवडीच्या यादीतल्या बहुतेक जागा नदीकाठच्या सखल भागात आहेत. म्हणून घर बघताना आधी पुलाचे फूट विचारायचे आणि भाड्याचं किंवा दराचं बोलणं त्यानंतर करायचं.

घराचा आकडा कसा काढायचा

कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ चा पूर ५४ च्या आसपास थांबला, २०१९ चा साडेसत्तावन्नच्या घरात गेला आणि २०२१ चा ५४ ते ५५ च्या दरम्यान राहिला. पावसाळ्यात सगळं गाव याच आकड्यांत बोलतं. तुमच्या घराचाही असा एक आकडा असतो, म्हणजे पुलावर किती फूट झाल्यावर पाणी उंबऱ्याला लागतं. मालकाला तो विचारावाच, पण त्याच्या शब्दावर थांबू नये. समोरचा किराणा दुकानदार, गल्लीतली पिठाची गिरणी आणि शेजारच्या घरातल्या आजी या तिघांना वेगवेगळं विचारावं. घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नसलेला माणूस खरं सांगतो.

त्यानंतर मोजून बघावं. जुन्या वस्तीत भिंतींवर, विजेच्या खांबांवर, देवळांच्या कट्ट्यांवर २०१९ च्या पाण्याच्या खुणा सापडतात. कुठे रंगाने रेघ मारलेली असते, तर कुठे मातीचा डाग उरलेला असतो. बघायच्या घराला नुकताच रंग दिला असेल तर शेजारची खूण नळीने आणायची. गवंड्याकडे असते ती आठ-दहा मिलिमीटरची पारदर्शक लेव्हल नळी पंधरा-वीस मीटर घ्यावी. एक टोक पाण्याच्या बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घ्यावं; वरून ओतलं तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि पातळी चुकते. सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत आहे ना, हे तपासावं. मग एकाने आपल्या टोकातलं पाणी खुणेशी जुळवायचं आणि दुसऱ्याने नळी आपल्या भिंतीला लावून पाणी पूर्ण स्थिर झाल्यावर पेन्सिलची रेघ मारायची. अंतर जास्त असेल तर मधल्या खांबावर रेघ मारून टप्प्याटप्प्याने पुढे जावं. खूण मात्र त्याच गल्लीतली घ्यावी, कारण पुराच्या पाण्यालाही उतार असतो आणि लांबची खूण फसवते.

आता रेघेपासून खाली जोत्यापर्यंत टेप लावा. समजा चार फूट भरले. २०१९ ची पातळी साडेसत्तावन्न धरली, तर चार वजा करून घराचा आकडा साधारण साडेत्रेपन्न येतो. म्हणजे २०२१ लाही घरात फूटभर पाणी यायला हवं होतं. ते आलं होतं का, हे शेजारी विचारलं की हिशेब बरोबर की चूक ते लगेच कळतं.

एवढ्यावर थांबू नका. गल्लीच्या तोंडाचा आकडा वेगळा काढा, आणि उंच भागाकडे जाणाऱ्या रस्त्याचाही काढा. उंच जोत्याचं घर कोरडं राहतं, पण रस्ता सहा फूट आधीच बुडतो आणि माणसं वर अडकतात. घरासाठी खरा आकडा या तिघांतला सर्वांत कमी.

पाणी नेहमी काठावरून वाहत येतं असंही नाही. नदी चढली की पावसाळी गटारांतून आणि नाल्यांतून ते उलटं येतं. त्यामुळे नदीपासून लांबच्या गल्ल्यांतही आधी चेंबर उसळतात. घरासमोरचं गटार कुठे जाऊन मिळतं, हे विचारायला लाजू नये.

कोणता भाग कुणासाठी

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर आणि कर्नाळ रस्त्याचा सखल पट्टा इथे पुलावर ४० फूट व्हायच्या आतच पाणी येतं. भाडं कमी असतं ते यामुळेच. तळमजला घ्यावाच लागला, तर जुलै-ऑगस्टसाठी दुसरीकडे आसऱ्याची जागा आधीच ठरवून ठेवावी.

गावभाग, खणभाग, मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड हे सांगलीचं काळीज आहे. मंडई, घाट, देवळं, दवाखाने सगळं चालत. म्हाताऱ्या माणसांना इथून हलायचं नसतं, आणि त्यांचं बरोबर आहे. रोज ओळखीची पन्नास माणसं भेटणं ही साधी गोष्ट नाही. पण २०१९ आणि २०२१ ला इथे पाणी होतं. आमचं मत स्पष्ट आहे: इथे राहावं, पण पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर, आणि तळमजल्यावर महागाचं काही ठेवू नये. पलीकडच्या सांगलीवाडीला शेतीची मोकळी हवा आहे, पण मोठ्या पुरात रस्ते बंद झाले की वाडीचं बेट होतं.

शामरावनगरचं दुखणं वेगळं. मोठ्या पुरात नदी तिथे येतेच, पण दरवर्षीचा त्रास पावसाच्या साचलेल्या पाण्याचा असतो. काळी जमीन, उतार कमी आणि पाणी जायच्या जुन्या वाटा प्लॉटिंगमध्ये बुजलेल्या. हा भाग एप्रिलमध्ये बघून पसंत करू नये. दोन दिवस सलग पाऊस झाल्यावर तिसऱ्या दिवशी दुचाकी घेऊन घरापर्यंत जाऊन बघावं.

विश्रामबाग आणि त्यापुढे मिरजेकडे जमीन चढत जाते. विलिंग्डन आणि वालचंद ही कॉलेजं याच बाजूला, त्यामुळे खोल्यांना मागणी जास्त आणि भाडंही चढं. घाट लांब पडतो, रस्त्यावर रहदारी फार, पण पावसाळ्यात झोप शांत लागते. घरात नियमित औषधोपचार लागणारं माणूस असेल किंवा रेल्वेचा प्रवास वारंवार असेल, तर मिरज. तिथली जुनी इस्पितळं आणि जंक्शन यांची सोय सांगलीला नाही. मिरजेचा कृष्णाघाटाचा भाग मात्र सखल आहे. कुपवाड उंचावर, एमआयडीसीत काम करणाऱ्यांना सोयीचं. घर कारखान्यांच्या वाऱ्याच्या दिशेला आहे का, हे सकाळी आणि रात्री असं दोन्ही वेळा जाऊन बघावं.

काळी माती

पुराइतकं कुणी हिच्याबद्दल बोलत नाही, आणि घराचं नुकसान मात्र ही दरवर्षी करते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलतं. खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा, फरशी आणि भिंत यांच्यामध्ये पडलेली फट, पावसाळ्यात अडणारी आणि उन्हाळ्यात सैल होणारी दारं, ही त्याची लक्षणं. चिरेवर प्लास्टर ओढून रंग दिला असेल तर बॅटरीचा उजेड भिंतीला समांतर टाकावा. दुरुस्तीची जागा उठून दिसते. प्लास्टरपुरती केसासारखी बारीक चीर चालते. नाणं शिरेल एवढी तिरपी चीर असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नये. नवं बांधणाऱ्याने मुरूम लागेपर्यंत खणावं, जोत्याला आरसीसी पट्टा घ्यावा आणि भिंतीलगत बाहेरून तीन-चार फुटांची उताराची फरशी करावी, म्हणजे पायाशी पाणी मुरत नाही.

पाणी आणि कागद

नळाला पाणी किती वाजता येतं, वरच्या मजल्यावर मोटारीशिवाय चढतं का, हे शेजारी विचारावं. बोअरच्या भरवशावर घर घेऊ नये. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत पिण्याला ठीक, २००० ही दुसरा पर्याय नसतानाची कमाल मर्यादा. गिझर आणि नळांवर पांढरा थर दिसला की पाणी जड आहे असं समजावं.

विकत घेणाऱ्याने प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, बांधकाम परवाना, घरपट्टीची पावती आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा. सांगलीत गुंठेवारीचे, म्हणजे ले-आउट मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने विकलेले प्लॉट खूप आहेत. तसा असेल तर नियमितीकरणाचा दाखला हातात पडेपर्यंत इसार देऊ नये. नगररचना विभागातून झोन दाखला आणि पूररेषा बघावी. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम होत नाही, त्यामुळे पुढे दुरुस्ती, वाढीव मजला आणि कर्ज सगळंच अडतं. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात.

भाडेकराराची नोंदणी करताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: घरात पाणी आलं तर त्या काळाचं भाडं कसं धरायचं, गाळ काढायचा आणि वायरिंगचा खर्च कुणाचा, आणि पुरात वरच्या मजल्याची किंवा गच्चीची चावी भाडेकरूला मिळणार का. तिसरी अट सगळ्यात मोलाची, आणि तीच बहुतेक जण विसरतात.

सखल भागात राहायचंच ठरवलं तर

मीटर, मोटार, इन्व्हर्टर यांची जागा २०१९ च्या रेघेच्या वर हवी. मीटर स्वतः हलवू नये, महावितरणकडे अर्ज करावा. घरविम्यात पूर धरलेला आहे ना, हे पॉलिसीत वाचावं आणि सामानाचे फोटो मे महिन्यातच काढून ठेवावेत.

पावसाळ्यात फक्त कोयनेच्या सहा वक्र दरवाजांकडे डोळे लावणं पुरेसं नाही. कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा परिणाम आयर्विन पुलावर दिसायला साधारण एक दिवस लागतो, तेवढा वेळ हाताशी असतो. पण वारणा सांगलीच्या खालच्या अंगाला हरिपूरला मिळते. तीही भरून वाहत असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं. त्यात सांगलीत आणि कराडच्या बाजूला पाऊस चालू असेल तर धरणाचा विसर्ग कमी असूनही पातळी चढते. म्हणून कोयना आणि वारणा या धरणांचा विसर्ग आणि पुलाची पातळी असे तिन्ही आकडे रोज लिहावेत. पाणी चढायला लागलं की पुलाचा आकडा तासातासाला.

आपल्या सर्वांत कमी आकड्याच्या दहा फूट आधी कागदपत्रं, औषधं, धान्य वर. पाच फूट आधी गादी, फ्रिज, मोटार वर आणि वाहनं उंच भागात. तीन फूट उरले की माणसं आणि जनावरं बाहेर. बोटीची वाट बघत बसू नये. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती पाण्याने वेढल्यानंतर निघावं लागलेली माणसं होती. निघताना मेन स्विच बंद करावा, रेग्युलेटर काढून सिलिंडर वर न्यावा किंवा गजाला बांधावा, आणि कमोडमध्ये व मोरीच्या जाळीवर प्लास्टिकमध्ये बांधलेली वाळूची पिशवी दाबावी. जमिनीत पुरलेली प्लास्टिकची टाकी काठोकाठ भरून ठेवावी. रिकामी राहिली तर पुराचं पाणी तिला उचलतं आणि ती पाइप तोडून वर येते.

पाणी उतरताना परत यावं, पूर्ण उतरल्यावर नव्हे. गाळ ओला असताना झाडूने आणि उतरत्या पाण्यानेच बाहेर निघतो. दोन दिवस वाळला की पहारीशिवाय सुटत नाही. आत शिरताना गमबूट घालावेत, काठीने आपटत जावं, कपाटाखाली साप असतात. पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या) गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं. वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये.

टाकी घासून गाळ काढल्यावर पुन्हा भरावी आणि १००० लिटरला साधारण २०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, निवळ तेवढी ओतावी. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडावं, बारा तास तसंच ठेवावं आणि मग सगळं सोडून द्यावं. हे पाणी पिण्याचं नाही. जुनी, उघडी पडलेली पावडर कामाची नसते. उग्र वास येत नसेल तर नवी आणावी.

भिंतीला दिवाळीच्या घाईत रंग देऊ नये. फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवावा. आतून घाम धरला तर भिंत ओली आहे. पांढरा क्षार फुलला असेल तो कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुऊ नये, नाहीतर तो पुन्हा आत मुरतो. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी करावी, आणि प्लास्टिक आतून कोरडं निघालं की मग पुट्टी लावावी.