पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आणि कर्ज : या चुका टाळा

एम.एस्सी., एम.टेक. किंवा पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटले जातात आणि पैशांचा विचार मात्र शुल्काची अंतिम तारीख तोंडावर आल्यावर सुरू होतो. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्यानंतरही वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातील मुले कागद दाखवायला माझ्याकडे येत असतात. योजना बदलतात, पोर्टले बदलतात, चुका मात्र त्याच राहतात.

सर्वांत छळणारी चूक बँक खात्याची आहे. केवायसीसाठी बँकेला आधार कार्ड दिले म्हणजे शिष्यवृत्ती त्याच खात्यात येणार, असे मुले गृहीत धरतात. प्रत्यक्षात आधारवर आधारित सरकारी रक्कम एनपीसीआयच्या (बँकांमधील देवघेवीची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत आपल्या आधार क्रमांकासमोर जी बँक असेल तिथे जाते, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते. आमच्या गल्लीतील एका मुलीची शिष्यवृत्ती पोर्टलवर जमा दिसत होती आणि पासबुकात एक रुपयाही नव्हता. घरच्यांनी आधी महाविद्यालयातील कारकुनाला दोष दिला, मग पोर्टलला, मग नशिबाला. तिला आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ (आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते) उघडायला लावले, तेव्हा तिथे एका पेमेंट्स बँकेचे नाव निघाले. नवे सिम घेताना दुकानदाराने सांगितले तिथे तिने अंगठा ठेवला होता आणि त्यातच खाते उघडले गेले होते. पैसे सुखरूप होते. पण ते हाती येईपर्यंत दुसऱ्या सत्राचे शुल्क वडिलांना भिशी उचलून भरावे लागले.

माझा शिरस्ता असा आहे की अर्जाआधी हे स्टेटस पाहायचे, भलतीच बँक दिसली तर आपल्या शाखेत सीडिंगचा अर्ज देऊन पोच घ्यायची, आणि नोंद बदललेली दिसल्याशिवाय पोर्टलला हात लावायचा नाही. मुलांना एवढा धीर नसतो. सायबर कॅफेत अर्ज ‘टाकून’ येणे त्यांना सोयीचे वाटते, आणि पुढे ओटीपी कॅफेवाल्याच्या मोबाइलवर जातो तेव्हा ती माझ्याकडे धावत येतात.

दुसरी चूक शैक्षणिक कर्जाची. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर सामान्यतः एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून व्याजही नसते, असा समज इतका घट्ट बसलेला आहे की मंजुरीपत्रावर सही करतानाही कोणी विचारत नाही. व्याज पहिल्या वितरणाच्या दिवसापासून लागते. समजा, आठ लाख रुपये 10 टक्के सरळव्याजाने सुरुवातीलाच उचलले, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्ष सवलत मिळून 2,40,000 रुपये व्याज साचते आणि हप्ता 10,40,000 रुपयांवर बसतो. म्हणून सत्राला लागेल तेवढीच रक्कम उचलावी, आणि शक्य असेल तर व्याज दरमहा भरत राहावे. अनेक बँका त्याबद्दल दरात सवलत देतात, पण ती मागावी लागते.

नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराविना कर्ज मिळते, हे खरे. परंतु ते निवडक संस्थांसाठीच आहे. संस्था यादीत आहे की नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वी पाहावे.

‘आपण मराठी, तेव्हा महाडीबीटीवर (महाराष्ट्र सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज करू,’ असे म्हणणारे एक तरी कुटुंब वडोदऱ्यात दरवर्षी भेटते. तिथे मातृभाषा विचारत नाहीत, महाराष्ट्राचा अधिवास विचारतात. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्यांनी गुजरात सरकारचे डिजिटल गुजरात पोर्टल पाहावे आणि मामलतदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा.

एम.टेक.च्या मुलांना एआयसीटीईकडून (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून) दरमहा 12,400 रुपये मिळतात, पण प्रवेशाच्या वेळी गेट या प्रवेशपरीक्षेचे गुण वैध असावे लागतात आणि वडिलांसोबतचे संयुक्त खाते चालत नाही. सोबत दुसरे विद्यावेतन किंवा पगारही घेता येत नाही. ‘कोणाला कळणार आहे’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचे कागद परत देतो.

अटी न वाचणे ही तर जुनीच खोड. बडोदा संस्थानाने 1913 मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हाही परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार लिहून घेतला होता. 1892 पासून चालत आलेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटच्या मदतीला लोन स्कॉलरशिप म्हणतात; तिच्यातील पहिला शब्द न वाचता घरी आनंद साजरा करणारे मी पाहिले आहेत. ती रक्कम फेडायची असते.

अमेरिकेला निघालेल्यांनी एफएएफएसए या तिथल्या सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात वेळ घालवू नये, कारण विद्यार्थी व्हिसावरील भारतीयांना तिथली केंद्रीय मदत मिळत नाही; त्याऐवजी विद्यापीठातील आपल्या विभागाकडे असिस्टंटशिपची (अध्यापनात किंवा संशोधनात मदत करून मिळणाऱ्या मानधनाची) चौकशी प्रवेशअर्जासोबतच करावी.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज सादर केला म्हणजे काम संपले, असेही नाही. संस्थेने पडताळणी करायची असते, आणि अर्ज ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून परत आला तर दुरुस्तीची मुदत थोडीच असते. दर आठवड्याला लॉगिन करून पाहावे, आणि पडताळणी अडली असेल तर फोन न करता अर्जाची प्रत घेऊन कार्यालयात स्वतः जावे.